उपफोल्डरमधून गिटची स्क्रिप्ट चालवताना

कोथरूडमधील आमच्या कचेरीत शहरातील बसमार्गांच्या माहितीची एक रेपॉझिटरी, म्हणजे फायलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट' या साधनाच्या देखरेखीखालचा संग्रह, आहे. बदललेल्या फायली तपासणारी माझी स्क्रिप्ट मी एकदा 'मार्ग/स्वारगेट' या फोल्डरमधून चालवली, तेव्हा 'मार्ग/स्वारगेट/थांबे.सीएसव्ही' ही फाइल सापडत नाही, अशी तक्रार आली. फाइल तर त्याच फोल्डरमध्ये होती. कारण इतकेच, की 'गिट डिफ --नेम-ओन्ली' ही बदललेल्या फायलींची नावे देणारी कमांड पाथ (फाइलपर्यंतचा पत्ता) रेपॉझिटरीच्या मुळापासून, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरपासून, देते, तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तोच पाथ चालू फोल्डरपासून मोजतो. त्यामुळे 'मार्ग/स्वारगेट'च्या आत आणखी एका 'मार्ग/स्वारगेट'चा शोध सुरू होता.

त्याच कमांडला '--रिलेटिव्ह' जोडल्यास पाथ चालू फोल्डरपासून मिळतात, मात्र त्या फोल्डरबाहेरचे बदल यादीतून गळतात. संपूर्ण रेपॉझिटरी तपासायची असेल, तर स्क्रिप्टच्या आरंभी 'गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल' या कमांडने मूळ फोल्डर विचारून घ्यावे आणि तेथे 'सीडी' करावे, म्हणजे त्या फोल्डरमध्ये जावे. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असू शकते, म्हणून तो पाथ अवतरणचिन्हांत ठेवावा. वापरकर्त्याने फाइलचे सापेक्ष, म्हणजे चालू फोल्डरपासूनचे, नाव दिले असेल, तर 'सीडी' करण्यापूर्वीच 'गिट रेव्ह-पार्स --शो-प्रीफिक्स'चे उत्तर साठवावे आणि ते त्या नावाआधी जोडावे. हे उत्तर आमच्या उदाहरणात 'मार्ग/स्वारगेट/' असे, शेवटच्या तिरक्या रेघेसह येते. मुळाशी असताना ते रिकामे असते.

मूळ ओळखण्यासाठी '.गिट' नावाचे (गिटची अंतर्गत माहिती ठेवणारे) फोल्डर स्वतः शोधत वर जाण्याचा मोह टाळावा, कारण जोडलेल्या वर्कट्रीमध्ये (त्याच रेपॉझिटरीच्या फायलींच्या दुसऱ्या कार्यप्रतीत) आणि सबमॉड्यूलमध्ये (आत बसवलेल्या दुसऱ्या रेपॉझिटरीत) '.गिट' ही बहुधा साधी फाइल असते.

इतर कमांडही एकसारख्या वागत नाहीत, आणि ही विसंगती मला अजूनही खटकते. 'गिट स्टेटस' सहसा सापेक्ष पाथ दाखवते, पण '--पोर्सेलिन' हा स्क्रिप्टसाठीचा पर्याय लावल्यावर मुळापासूनचे पाथ देते. फायलींतील मजकूर शोधणारी 'गिट ग्रेप' चालू फोल्डरपुरतीच शोधते. नोंदवलेल्या ताज्या आवृत्तीतील फाइल दाखवणारी 'गिट शो हेड:थांबे.सीएसव्ही' मुळाशी पाहते. चालू फोल्डरमधील फाइल हवी असल्यास अपूर्णविरामानंतर './' लिहावे लागते. उद्गारचिन्हाने सुरू होणारे एलियस (कमांडला आपण दिलेली छोटी नावे) मुळातूनच चालतात आणि आपण ज्या उपफोल्डरमधून ते चालवले, त्याचा पाथ 'गिट_प्रीफिक्स' या व्हेरिएबलमध्ये मिळतो.

'.गिट'ची जागा सांगणारे 'गिट_डीआयआर' हे व्हेरिएबल आधीच निश्चित केलेले असून वर्कट्री कोठेच सांगितलेली नसेल, तर गिट चालू फोल्डरलाच मूळ मानते. म्हणून स्क्रिप्ट मुळातून, उपफोल्डरमधून आणि जोडलेल्या वर्कट्रीमधून चालवून पाहिल्यावर, हे व्हेरिएबल मुद्दाम निश्चित करूनही एकदा चालवावी.