पाचवी-सहावीत मूल वेगळ्या शाळेत घालताय? मग रोजचं काय असतं ते नीट समजून घ्या

दरवर्षी ॲडमिशनच्या दिवसांत पालक भेटायला येतात, प्रश्न साधारण तेच असतात, आणि खरे विचारायचे प्रश्न मात्र ऑगस्टमध्ये सुचतात, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतेय. मी अशाच एका वेगळ्या, म्हणजे प्रयोगशील शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलांना शिकवते, मराठी माध्यम, मुलं आम्हाला ताई-दादा म्हणतात, आणि आमचा सगळा भर हातानं काम करत शिकण्यावर आहे.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, मग झाकीर हुसेन समितीनं अभ्यासक्रम तयार केला, त्यालाच आपण नई तालीम म्हणतो. सेवाग्रामला तशी शाळा चालायची, ती मधे बरीच वर्षं बंद होती, मग 2005 मध्ये आनंद निकेतन नावानं परत सुरू झाली. पण सगळ्या वेगळ्या शाळा एकाच पठडीतल्या नसतात हं. पुण्याची अक्षरनंदन, फलटणची कमला निंबकर बालभवन, लीलाताई पाटलांनी कोल्हापुरात उभी केलेली सृजन आनंद, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, त्यामुळे मी सांगतेय ते तुमच्या शाळेत जसंच्या तसं नसेल, आधी दोन-तीन तास तिथे जाऊन बसा आणि शक्यतो साध्या वारी जा, कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात.

आता दिवस कसा जातो ते. मुलं आली की आधी सफाई. वर्ग, व्हरांडा, अंगण, पाण्याची टाकी आणि हो, संडास-मुतारीसुद्धा. इथेच निम्म्या पालकांचा चेहरा उतरतो, "आम्ही काय झाडू मारायला पाठवतो का" हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय. शांतपणे सांगते, आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे पिढ्यान् पिढ्या जातीवरून ठरत आलंय, म्हणूनच शाळेत तो सगळ्यांच्या हातात जातो, मुलगा-मुलगी, सरपंचाचं पोर, मजुराचं पोर, ताई-दादा, सगळे. त्याचा तक्ता भिंतीवर असतो आणि पाळी दर आठवड्याला बदलते. शाळा बघायला जाल तेव्हा तो तक्ता बघाच. आणि उशिरा आला म्हणून किंवा गृहपाठ केला नाही म्हणून शिक्षा म्हणून झाडायला लावत असतील तर ती शाळा नावालाच वेगळी आहे, तिथे घालू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, ती सगळ्याच शाळांना लागू आहे.

सफाईनंतर परिपाठ, गाणी, बातम्या, कुणीतरी काहीतरी वाचून दाखवतं, पावसाळ्यात आदल्या दिवशीचा पाऊस सांगतात. हे पावसाचं आमच्याकडे फार चालतं. पर्जन्यमापक मुलांनीच बसवलेला असतो. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी, एवढं एकदा कळलं की मुलं छपरं मोजायला लागतात. 20 मीटर बाय 8 मीटरचं छप्पर आणि 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे 4000 लिटर पाणी एका दिवसात वाहून गेलं, मग ते कुठे गेलं, अडवता आलं असतं का, टाकी केवढी लागेल, आणि यात क्षेत्रफळ, घनफळ, भूगोल सगळं येऊन जातं. घरी हेच सुरू झालं आणि तुमच्या गच्चीवर पोरगं टेप घेऊन फिरायला लागलं तर त्याला "अभ्यासाला बस" म्हणू नका, तो अभ्यासच करतोय.

मग भाषा-गणिताचे तास होतात, ते साधारण कुठल्याही शाळेसारखेच, फक्त बसायची पद्धत गोलात आणि बोलणं जास्त. त्यानंतर आळीपाळीनं शेत, सूतकताई किंवा शिवण आणि स्वयंपाकघर.

स्वयंपाकघराबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण पालकांना सगळ्यात जास्त शंका तिथेच असतात. मोठं भांडं उतरवणं, फोडणी घालणं हे मोठी माणसंच करतात, मुलं निवडणं, चिरणं, मोजणं, वाढणं आणि हिशोब करतात. शालेय पोषण आहाराचं प्रमाण ठरलेलं आहे, पाचवीपर्यंत एका मुलाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम आणि 30 ग्रॅम. आता समजा आज पाचवीची 18 मुलं आणि वरच्या वर्गांची 40, तर तांदूळ झाला 1.8 अधिक 6 म्हणजे 7.8 किलो आणि डाळ 360 अधिक 1200 ग्रॅम, म्हणजे 1.56 किलो. सहावीच्या एका मुलीनं ही सगळी आकडेमोड बरोबर केली आणि मग काट्यावर डाळ घेतली 1 किलो 56 ग्रॅम. वरण पातळ झालं. पंगतीत ओरडा झाला, "आज पाणीच आहे", तिनं जाऊन वही काढली, परत काटा काढला आणि दशांश चिन्हानंतरचे 56 म्हणजे 560 ग्रॅम हे तिचं तिलाच सापडलं. ताईंना मोजतानाच दिसलं होतं, पण त्या गप्प राहिल्या. पातळ वरणानं कुणी उपाशी राहत नाही पण दशांश अपूर्णांक मात्र त्या मुलीला पक्का कळला, फळ्यावर दहा वेळा लिहून तो असा कळत नाही.

तर पालक म्हणून तुमच्याकडून सगळ्यात मोठी अपेक्षा कुठली असेल तर हीच, गप्प राहता आलं पाहिजे. म्हणजे मूल घरी येऊन म्हणालं मी कांदा चिरतो, तर सुरी काढून घेऊ नका, शेजारी उभं राहा. शेताची नोंदवही तुम्ही सुंदर अक्षरात लिहून देऊ नका. प्रकल्पाला लागणारं मॉडेल दुकानातून आणू नका, आम्हाला लगेच कळतं. शाळा जे दिवसभर मुलाच्या हातात देते ते संध्याकाळी घरानं काढून घेतलं तर काहीच उरत नाही, आणि यात मुलाची फार ओढाताण होते, हे मी जवळून बघितलंय.

बरोबर काय द्यायचं ते पटकन सांगते. मातीत मळतील असे जुने सुती कपडे, एक जादा जोड, टोपी, पाण्याची बाटली, पायाला येतील अशा चपला. डबा लागत असेल तर पोळी-भाजी, भाकरी, उसळ, काहीही घरचं, पण कुरकुऱ्यांची पाकिटं नकोत, कारण डबे वाटून खाल्ले जातात आणि एका पाकिटावरून अख्ख्या गोलात भांडण होतं. मोबाईल, महागडं घड्याळ नको. मुलगी सहावी-सातवीत असेल तर पिशवीत पॅड आणि जादा कपडे ठेवा, शाळेतही असतात, आणि पाळी, वयात येणं यावर आम्ही मुलगे-मुली दोघांशी बोलतो, त्याची कल्पना आधीच असू द्या म्हणजे घरी मुलानं काही विचारलं तर दचकायला होणार नाही.

आठवड्यातून एकदा बालसभा असते. शेताला पाणी घालायचा पाइप आधी कोण घेतो, कुणी कुणाला चिडवलं, मैदान कुणाला कधी, हे तिथे निघतं, मुलंच अध्यक्ष, मुलंच इतिवृत्त लिहिणार. यात वेळ जातो, कधी एकाच भांडणावर तीन सभा होतात. त्या काळात कृपा करून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच भांडण सुरू करू नका, मुलांचं मिटतं आणि मोठ्यांचं राहतं. मारहाण, कुणी घाबरून शाळेत यायलाच नको म्हणणं, असं काही असेल तर मात्र सभेची वाट बघू नका, सरळ ताईंना गाठा.

परीक्षेचं टेन्शन सगळ्यांनाच असतं. नंबर नाही, टक्के नाहीत, प्रगतीपुस्तकात वर्णन असतं, मूल काय करू शकतं, कुठे अडतं. ते दोनदा वाचा, त्यात टक्क्यांपेक्षा जास्त माहिती असते. पण शाळा राज्य मंडळाची असेल तर 2023-24 पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुरवणी शिकवणी आणि पुन्हा परीक्षा, त्यातून सुटका नाही. इंग्रजीचं म्हणाल तर महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहेच, आमच्याकडे ते पाककृती, चिठ्ठ्या, नाटुकली यातून चालतं, बोलायला मुलं लाजत नाहीत, स्पेलिंगला मात्र वेळ लागतो, हे खरं आहे ते सांगते.

पहिले दोन-तीन महिने जड जातात. आधी मोठ्या कडक शाळेत असलेलं मूल घरी येऊन सांगतं, "इथे काही शिकवतच नाहीत." तेव्हा घाबरून ट्यूशन लावू नका, शाळेत एक आणि ट्यूशनमध्ये दुसरंच असं झालं की ते कुठलंच धड शिकत नाही. त्याऐवजी आज किती पाऊस झाला, वरण कसं झालं, सभेत काय ठरलं असं विचारा, मग बघा किती बोलतं. आणि दोघांनी पालकसभेला या, फक्त आईनं नाही. श्रमदानाच्या दिवशी बाबांनी कुदळ घेतलेली मुलं फार मिरवतात.

एक स्पष्टच सांगते, सहावीपासून जेईई-नीटचं फाउंडेशन लावायचं ठरवलेलं असेल तर अशा शाळेत घालू नका. दोन्ही पर्याय आपापल्या जागी असतील, पण एकाच मुलाच्या एका दिवसात ते मावत नाहीत.

कागदपत्रांचं बघून घ्या. शाळेला यूडायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) आहे का, मान्यता कितवीपर्यंत आहे, हे विचारायला लाजू नका. आठवीपर्यंतच्या वर्गांत आधीच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवीन शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे. मान्यता आठवीपर्यंतच असेल तर नववीला मूल दुसरीकडे जाणार, तिथे तीन-तीन तासांचे पेपर असतात आणि आमच्या मुलांना विषय येत असला तरी घड्याळ लावून लिहायची सवय नसते. म्हणून आठवीच्या दिवाळीनंतर घरी आठवड्याला एक जुना पेपर सोडवायला द्या, आधी वेळ न लावता, मग वेळ लावून, आणि तपासायलाही त्यालाच सांगा.