जुन्या गाडीच्या एसीत गॅस भरण्याआधी

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच तो गॅस बंद चक्रात फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी निसटला. जुन्या रबरी होजांमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो हे खरं, पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला या उन्हाळ्यात नाहीसा झाला असेल तर ते झिरपणं नव्हे, सरळ गळती. म्हणून तयारीत गॅसचा डबा सगळ्यात शेवटी येतो. मी एकदा उलटं केलं. आधी डबा आणला, भरला, तीन आठवडे गार हवा खाल्ली आणि पुन्हा काचा खाली करून फिरू लागलो.

सुरुवात फुकटच्या कामांनी करा. कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या, पुढच्या जाळीचा) पंखा फिरतो का, फ्यूज शाबूत आहे का, पट्टा सैल नाही ना, केबिन फिल्टर धुळीने बुजलाय का, कंडेन्सरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकलेत का. यातलं काहीही बिघडलं तरी हवा कोमट येते आणि दोष मात्र गॅसला लागतो. कॉम्प्रेसर म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप. त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणारा क्लच ओढतच नसेल तर घाबरू नका. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर चालूच होऊ देत नाही.

मग बॉनेटखालचं लेबल शोधा. त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. लेबल उडालं असेल तर सर्व्हिस मॅन्युअल काढा. 1990च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत गाड्यांत आर-12 हा गॅस असे. ओझोनचा थर त्याने विरळ होतो म्हणून 1987च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद होत गेला आणि आर-134ए आला. दोन्हींच्या भरण्याच्या तोंडांची घडण वेगळी. आर-12ची आट्यांची, आर-134एची खटकन बसणाऱ्या कपलरची, लो साइडला (कमी दाबाच्या बाजूला) 13 मिलिमीटर आणि हाय साइडला (जास्त दाबाच्या) 16. आट्यांवर अडॅप्टर चढवलेला दिसला तर मधल्या कुणा मालकाने गॅस बदललाय असं समजा आणि तेलाची चौकशी करा. आर-12बरोबर मिनरल ऑइल चालायचं. ते आर-134एत मिसळत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरपर्यंत नीट परत येत नाही आणि तो कोरडा चालून बसतो.

आर-134एच्या बहुतेक गाड्यांना पीएजी नावाचं कृत्रिम तेल लागतं, पण ते 46, 100, 150 अशा वेगवेगळ्या जाडीचं मिळतं. ग्रेड आणि मिलिलिटर मॅन्युअलमध्ये बघून लिहून ठेवा. बाटली लहानच घ्या, कारण हे तेल हवेतला ओलावा ओढतं. मागच्या वेळची अर्धी उरलेली, झाकण सैल असलेली बाटली वापरायचा मोह टाळा.

आता खरं काम, गळती शोधणं. गॅस जाताना तेलाचा अंश बरोबर नेतो, म्हणून हातात टॉर्च घेऊन तेलकट, धूळ चिकटलेले डाग बघत जा. कंडेन्सर सगळ्यात पुढे असतो, दगड त्यालाच लागतात. होजला धातूचं टोक दाबून बसवलेलं असतं ती जागा बघा. क्लचमागचं कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील बघा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की तेलाअभावी ते सुकतं. भरण्याच्या तोंडात टायरच्या व्हॉल्व्हसारखी पिन असते, ती गळते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्यावरचं टोपण म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, दुसरं सीलच आहे, आणि जुन्या गाडीत नेमकं तेच हरवलेलं असतं. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल डोळ्यांना दिसत नाही. चक्रात यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) आधी घातलेला असेल तर तिथून पाणी टपकतं त्या नळीच्या तोंडाशी यूव्ही दिवा धरा.

साबणाचा फेस लावून बघायचा तर आत दाब हवा, आणि तो रेग्युलेटर लावलेल्या कोरड्या नायट्रोजनचा, मॅन्युअलमधल्या मर्यादेत. टायर भरायच्या कॉम्प्रेसरची हवा नको. तिच्यात ओलावा असतो, शिवाय दाबाखाली हवेत मिसळलेला आर-134ए पेट घेऊ शकतो. ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो.

त्याआधी आत उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यावा लागतो. हे काम वर्कशॉपकडेच द्या. आर-134ए शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1430 पट उष्णता धरतो, आणि तो हवेत सोडणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे. किती ग्रॅम निघाला ते विचारून घ्या, म्हणजे गळती केवढी ते कळेल.

भागांच्या पिशवीत हे असू द्या: उघडाल त्या प्रत्येक सांध्याची नवी ओ-रिंग, त्याच गॅसला चालणारी, व्हॉल्व्हच्या पिना, टोपणं, आणि नवा ड्रायर, म्हणजे चक्रातला ओलावा शोषणारा डबा. ओ-रिंगला ग्रीस नाही, एसीचंच तेल लावा. ड्रायरची बुचं अगदी शेवटी काढा, नाहीतर आतले ओलावा शोषणारे दाणे बाहेरच्याच हवेने तृप्त होतात.

व्हॅक्यूम पंप आणि मॅनिफोल्ड गेज (लो साइडला निळा, हाय साइडला लाल व्हॉल्व्ह असलेली दाबमापकांची जोडी) भाड्याने मिळाले तरी चालतील. पंप निदान 30 ते 45 मिनिटं चालवायचा. उद्देश नुसती हवा काढण्याचा नाही. 25 अंशांना पाणी सुमारे 32 मिलिबारवर उकळतं, म्हणजे खोल व्हॅक्यूममध्ये आतला ओलावा वाफ होऊन निघून जातो. मग व्हॉल्व्ह बंद करून अर्धा तास काटा बघा. हलला तर पुन्हा शोधायला लागा. हलला नाही तरी पूर्ण निर्धास्त होऊ नका, कारण व्हॅक्यूममध्ये बाहेरून जेमतेम एका बारचा दाब पडतो आणि चालू एसीत हाय साइडला आतून त्याच्या कित्येक पट.

ग्रॅम दाखवणारा वजनकाटा विसरू नका. बंद गाडीत, 30 अंशांना, आर-134एचा गेजवरचा दाब साधारण 6.7 बार असतो, आणि आत थोडासा द्रव असो वा पूर्ण भरणा, काटा तिथेच थांबतो. गेज बघून अंदाजाने भरणारे इथेच फसतात. डबा काट्यावर ठेवा आणि लेबलवरच्या ग्रॅमला थांबा. गळती बुजवणारं सीलंट मिसळलेले डबे घेऊ नका. ते रिकव्हरी मशीनमध्ये अडकतं आणि पुढचा मेकॅनिक गाडीला हात लावत नाही.

गॉगल आणि हातमोजे आधी घाला, डबा नंतर उघडा: हा द्रव उणे 26 अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर इजा गंभीर होते. जागा मोकळी हवी, आसपास ज्योत किंवा सिगारेट नको. इंजिन चालू असताना फक्त निळी, लो साइडची बाजू उघडायची आणि डबा उभा धरायचा. लाल व्हॉल्व्ह घट्ट बंद. तो चुकून उघडला तर गाडीचा दाब उलटा डब्यात शिरतो आणि डबा फुटतो.

हवेच्या जाळीत लावायला एक थर्मामीटर घ्या, आणि एक कोरा स्टिकर. भरून झाल्यावर तारीख, गॅसचे ग्रॅम, तेलाचा ग्रेड आणि मिलिलिटर त्यावर लिहून बॉनेटखाली जुन्या लेबलशेजारी चिकटवा.