आगबोटीच्या टपालाचं जुनं पाकीट: मूळ शोधताना या चुका टाळा

मुंबईहून विलायतेला गेलेलं किंवा तिकडून मुंबईत आलेलं एकोणिसाव्या शतकातलं पाकीट हाती पडलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “बोट कोणती?” सगळ्यात मोठी चूक इथेच होते. बोटीचं नाव शेवटी सापडतं. आधी तारखा, मग टपालाचा दर, मग मार्ग, आणि या तिन्हींत बसणारी जी बोट उरेल ती आपली. उलट्या वाटेने गेलं की मनात भरलेल्या बोटीसाठी पुरावा गोळा करणं सुरू होतं, आणि न जुळणारा शिक्का नकळत नजरेआड होतो.

पाकिटावर लिहिलेलं बोटीचं नाव

पत्त्याच्या वरच्या कोपऱ्यात “अमुक स्टीमरने” असं हाताने लिहिलेलं असेल तर तो पुरावा म्हणून धरू नका. ती पाठवणाऱ्याची इच्छा असते. टपालाची वेळ चुकली की पत्र पुढच्या मेल बोटीने जाई, पण पाकिटावरची ओळ कोणी खोडत नसे. विक्रेत्याने मागे पेन्सिलीने केलेली नोंद तर त्याहून कच्ची. ती वाचा आणि काम संपेपर्यंत बाजूला ठेवा.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे एकच बोट शोधणं. सुएझ कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी ‘ओव्हरलँड’ मार्गाच्या प्रत्येक पत्राला निदान दोन बोटी लागत. एक मुंबईहून एडनमार्गे सुएझपर्यंत, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रिया, आणि पुढे भूमध्य समुद्रात दुसरी बोट. सप्टेंबर १८६९ मध्ये तांबड्या समुद्रात खडकावर आदळून बुडालेली ‘कार्नाटिक’ सुएझहून मुंबईकडे निघाली होती. तिच्यावरचं विलायती टपाल अलेक्झांड्रियापर्यंत दुसऱ्याच बोटीने आलेलं. कालवा झाल्यावरही कित्येक वर्षं टपालाच्या थैल्या इजिप्तमधून रेल्वेनेच जात राहिल्या. म्हणून १८७२ चं पाकीट दिसलं की “कालव्यातून आलं” असं लिहून मोकळं होऊ नका.

तारखा जुळत नाहीत तेव्हा

पाकिटाची मागची बाजू आधी पाहा. पुढे तिकीट आणि पत्ता असतो, पण प्रवासाची हकिकत बहुधा मागच्या शिक्क्यांत असते. शिक्के मिळाले त्या क्रमाने न लिहिता तारखेच्या क्रमाने कागदावर उतरवा. लंडनच्या शिक्क्यांत महिना पुष्कळदा दोन अक्षरांत असतो. ‘एमआर’ म्हणजे मार्च, ‘एमवाय’ म्हणजे मे. दुसरं अक्षर पुसट असेल तर दोन महिन्यांचा घोळ होतो. अशा वेळी भिंगापेक्षा तिरपा प्रकाश जास्त उपयोगी पडतो.

दिवस फार लागलेले दिसले म्हणजे शिक्का बनावट, असंही नाही. महिना बघा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना तोंड देत मुंबईहून एडन गाठणं सुरुवातीच्या आगबोटींना झेपत नसे. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि वाटेत कोळसा भरत ३३ दिवसांनी सुएझला पोचली. तेही पावसाळ्याआधी. जून-जुलैच्या पत्राला जास्त दिवस लागले तर त्यात नवल काही नाही.

आत पत्र शिल्लक असेल तर तुम्ही नशीबवान आहात, आणि तरी पुष्कळजण ते उघडतच नाहीत. मुंबईच्या व्यापाऱ्यांची पत्रं पुष्कळदा मोडीत किंवा गुजरातीत असत. मोडी वाचणाऱ्याला दाखवा. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९. गुजराती पत्रातलं संवत कार्तिकात बदलतं, म्हणून दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे आणि पुढे आश्विनापर्यंत ५६. एवढ्या हिशोबावर वर्ष नसलेला शिक्का बरोबर जागी बसतो. गावांच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगकडेही लक्ष द्या. ‘टन्ना’ म्हणजे आपलं ठाणं, ‘विंगोर्ला’ म्हणजे वेंगुर्ला. परदेशी संग्राहकांनी अशी गावं भलतीकडेच दाखवलेली आढळतात. मराठी वाचकाने ती दुरुस्त करायलाच हवीत.

शिक्क्यांचा चुकीचा अर्थ

‘सी पोस्ट ऑफिस’ हा शिक्का मुंबईच्या एखाद्या कचेरीचा समजला जातो. ती कचेरी बोटीवरच होती. १८६८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत टपालाचे कर्मचारी बोटीवर बसून, नंतरच्या काळात एडन ते मुंबई या टप्प्यात, पत्रांची वर्गवारी करत, म्हणजे बंदरात उतरताच थैल्या पुढे रवाना होत. त्या शिक्क्यातलं अक्षर कर्मचाऱ्यांच्या तुकडीचं असतं. त्यावरून बोट ठरवू नका.

‘पाकबो’ (बोटीवर टाकलेल्या पत्रावरच्या) शिक्क्याबद्दलचा गैरसमज तर चांगल्या पाकिटांचा जीव घेतो. ब्रिटिश तिकीट आणि त्यावर मुंबईचा किंवा एडनचा शिक्का दिसला की लोक ते बनावट म्हणून फेकून देतात. भर समुद्रात, बोटीवर पत्र टाकताना ती बोट ज्या देशाची त्या देशाचं तिकीट चालत असे आणि पुढच्या बंदरात ते रद्द होई. तिकीट एका देशाचं, शिक्का दुसऱ्याचा, आणि दोन्ही अस्सल. तसंच भारतीय तिकीट दिसलं म्हणून पत्र भारतातूनच निघालं असंही नाही. एडनमध्ये १९३७ पर्यंत भारतीय तिकिटं चालत, झांझिबारमधली भारतीय टपाल कचेरी १८९५ पर्यंत होती.

‘शिप लेटर’ आणि मेल बोटीचं पत्र एकच धरू नका. ‘शिप लेटर’ सहसा टपालाचा करार नसलेल्या खासगी जहाजाने आलेलं असे. ते मेल बोटींच्या वेळापत्रकात शोधत बसलात तर कधीच सापडणार नाही.

दर तपासायचा राहून जातो

तिकिटांची बेरीज करा, ती खोटं बोलत नाही. विलायतेच्या साध्या पत्राचा दर १ जानेवारी १८९१ पासून अडीच आणे झाला (साडेचार आण्यांच्या तिकिटावर अडीचचा छाप त्यासाठीच मारला), आणि २५ डिसेंबर १८९८ पासून एक आणा. म्हणजे १९०० च्या पाकिटावर अडीच आणे असतील तर ते वजनदार होतं, ब्रिटिश साम्राज्याबाहेर गेलं, किंवा तिकीट नंतर चिकटवलेलं आहे. तिसऱ्या शक्यतेसाठी शिक्क्याची रेघ तिकिटावरून कागदावर अखंड उतरते का ते पाहा. आणि त्यासाठी तिकीट पाण्यात घालून सोडवू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मुंबई-कोकणच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत बुरशी धरते, म्हणून आम्लरहित कागदात ठेवा.

आता बोट

तारखांची खिडकी दोन-चार दिवसांवर आली की वर्तमानपत्रं उघडा. १८३८ साली सुरू झालेलं ‘बॉम्बे टाइम्स’, १८६१ पासूनचं ‘टाइम्स ऑफ इंडिया’, यांत बोटींच्या येण्याजाण्याच्या नोंदी, टपाल बंद होण्याची वेळ आणि प्रवाशांची नावंही छापलेली असतात. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आणि काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार इथून सुरुवात करा. टपाल नेणाऱ्या पी अँड ओ या बोट कंपनीचे कागद ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. एवढं करूनही त्या खिडकीत दोन बोटी बसत असतील, तर नोंदीत दोन्ही नावं लिहा आणि कुठला शिक्का वाचता आला नाही तेही सांगा. पुढच्या माणसाला त्याच आठवड्याचं दुसरं पाकीट सापडलं की त्याला कुठून पुढे जायचं ते कळेल.