डोळ्याच्या जळजळीची चाचणी: या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतले एक कारखानदार उन्हाळ्यात माझ्याकडे आले, ते पाण्याच्या बाटलीत केमिकल घेऊन. साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसलेलं स्केल, म्हणजे क्षारांचा कडक थर, काढायचं मिश्रण होतं. बाटलीवर साधी चिठ्ठीही नव्हती. "डॉक्टर, परदेशातली ऑर्डर आहे. डोळ्याचा सशावरचा रिपोर्ट मागतायत. तेवढा लवकर करून द्या की."

मी ड्रॉवरमधून पीएचच्या पट्ट्यांची डबी काढली. काचेवर एक थेंब टाकला आणि पट्टी टेकवली. क्षणात ती गर्द निळी झाली. डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली, तर पीएच १३. मी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "साहेब, हा तुमचा रिपोर्ट. याला ससा लागत नाही."

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर बरीच वर्षं मी चाचणी प्रयोगशाळेत केमिकल सशाच्या डोळ्यात घालून किती इजा होते ते तपासण्याचं काम केलं. आता सांगली-सातारा भागातल्या लहान उत्पादकांना सल्ला देतो. जी चाचणी करायची गरजच नव्हती, किंवा जी चुकल्यामुळे पुन्हा करावी लागली, तिच्यात जनावरानं सोसलेलं कुणाच्याच उपयोगी पडत नाही. असं वाया गेलेलं मी पाहिलेलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

थेट सशापासून सुरुवात करणं

सगळ्यात मोठी चूक हीच. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची चाचणी मार्गदर्शिका क्रमांक ४०५ सशावरच्याच चाचणीची आहे, पण आधी हातात असलेली सगळी माहिती तपासा, असं तीच सांगते. पीएच २ किंवा त्याहून कमी, अथवा ११.५ किंवा त्याहून जास्त असेल, आणि विशेषतः मिश्रणाची बफर क्षमता, म्हणजे पीएच टिकवून धरायची ताकद, दांडगी असेल, तर ते डोळ्याला गंभीर इजा करणार असंच धरायचं. जे त्वचा जाळतं ते डोळाही जाळतं, तिथेही वेगळी चाचणी नको.

दुसरी गोष्ट, घटकांचा हिशेब. जीएचएस या जागतिक वर्गीकरण पद्धतीच्या सर्वसाधारण नियमानुसार, डोळ्याला गंभीर इजा करणारा घटक, म्हणजे वर्ग १, मिश्रणात ३ टक्के किंवा जास्त असेल, तर अख्खं मिश्रण वर्ग १ मध्ये जातं. १ ते ३ टक्क्यांच्या मध्ये असेल तर वर्ग २, म्हणजे भरून येणारी जळजळ. आपल्या कारखानदारांच्या मिश्रणात कॉस्टिक किती होतं ते त्यांना तोंडपाठ होतं. कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांचं काम.

तासगाव भागात बेदाण्यासाठी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. तेच दोन घटक थोडं प्रमाण बदलून 'नवीन फॉर्म्युला' म्हणून कुणी आणलं आणि सशावर तपासायला सांगितलं, तर मी हात जोडतो. पोटॅशियम कार्बोनेट डोळ्याला झोंबतं हे आधीपासून माहीत आहे.

कायद्याचं म्हणणंही तेच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातलं कलम १७ सांगतं की शक्य असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. सौंदर्यप्रसाधनांसाठी तर भारतात २०१४ पासून अशा चाचण्यांना बंदीच आहे. म्हणून फेसवॉशचा कच्चा माल 'औद्योगिक केमिकल' म्हणून पुढे करायची पळवाट कुणी सुचवली, तर त्या माणसापासून चार हात लांब राहा.

प्राण्याविना चाचणीत होणारी गडबड

माहिती पुरली नाही तर पुढची पायरी म्हणजे प्राण्याविना चाचण्या. कत्तलखान्यात टाकून दिल्या जाणाऱ्या गुरांच्या डोळ्यांचा कॉर्निया, म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, वापरणारी चाचणी, क्रमांक ४३७, आणि कोंबडीच्या डोळ्यांची, क्रमांक ४३८, या २००९ पासून मान्य आहेत. मानवी पेशींपासून वाढवलेल्या कॉर्नियासारख्या थरावरची ४९२ क्रमांकाची चाचणी २०१५ ची. लोक त्यांतली कुठलीही एक उचलतात आणि उत्तर मिळालं नाही की "या पद्धतीत दम नाही" म्हणतात.

कॉर्नियाच्या चाचणीचंच घ्या. गढूळपणा आणि रंग झिरपण्याचं माप मिळून एक गुण निघतो. तो ५५ च्या वर गेला तर वर्ग १, ३ किंवा त्याखाली असेल तर वर्गीकरणाची गरज नाही. मधलं काही आलं तर ही चाचणी एकटी निकाल देऊ शकत नाही. अशा वेळी दुसरी पद्धत जोडायची असते, सशाकडे धावायचं नसतं. या चाचणीत अल्कोहोल आणि कीटोन उगाच जास्त घातक दिसतात, उलट काही घन पदार्थांची घातकता निसटून जाते. हे ठाऊक असेल तरच निकाल नीट वाचता येतो.

केमिकलविना नुसतं द्रावक लावलेल्या कॉर्नियाचाही गढूळपणा चढलेला दिसला, तर केमिकलला दोष देऊ नका. डोळे शिळे होते का, आणताना थंड ठेवले होते का, कॉर्निया होल्डरमध्ये बसवताना सुरकुती पडली का, खाली हवेचा बुडबुडा राहिला का, हे आधी बघा. मला तरी बहुतेक वेळा बुडबुडाच सापडला आहे.

पेशींच्या थरावरच्या चाचणीत एमटीटी नावाच्या रंगद्रव्यावरून पेशी किती जिवंत उरल्या ते मोजतात. तुमचं केमिकल स्वतःच रंगीत असेल, किंवा पेशींविनाच एमटीटीचा रंग पालटत असेल, तर मेलेला थरही जिवंत दिसतो. म्हणून ही तपासणी आधी करायची आणि गरज पडली तर गोठवून मारलेल्या थराचा नियंत्रण-नमुना सोबत लावायचा.

ससा टाळताच आला नाही, तर

क्वचित अशी वेळ येते. मग प्रयोगशाळा सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीकडे (पूर्वीची सीपीसीएसईए), नोंदलेली हवी. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधी हवी आणि ससे नोंदणीकृत पैदासकाराकडचेच हवेत. बाजारातून आणलेला ससा चालत नाही.

डोळे आधी न तपासणं ही इथली नेहमीची चूक. चाचणीच्या आधीच्या २४ तासांत दोन्ही डोळे फ्लुओरेसिन, म्हणजे ओरखडा दाखवणारा रंग, लावून बघायचे आणि ओरखडा असलेला ससा बाजूला काढायचा. हे केलं नाही, तर जुनी जखम तुमच्या केमिकलच्या नावावर चढते.

डोसमध्येही चुका होतात. द्रव ०.१ मि.ली. घन पदार्थ बारीक पूड करून, भांडं हलकेच ठोकून बसवलेली ०.१ मि.ली. पूड, पण १०० मि.ग्रॅ.च्या वर नाही. खालची पापणी हलकेच पुढे ओढून त्या खोबणीत ठेवायचं आणि पापण्या साधारण एक सेकंद मिटून धरायच्या. दुसरा डोळा मोकळा, तुलनेसाठी. स्प्रेचा फवारा थेट डोळ्यात मारायचा नाही. आधी तो भांड्यात गोळा करायचा आणि मग मोजून घालायचा.

तीन ससे एकदम घेणं तर अक्षम्य. आधी एकच. त्यात तीव्र इजा दिसली तर तिथेच थांबायचं.

आता वेदनाशमनाबद्दल. "औषध दिलं तर निकाल बदलेल" असं अजूनही ऐकू येतं. २०१२ साली मार्गदर्शिकेतच ते नियमाने घातलं आहे: केमिकल घालण्याच्या तासभर आधी ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन, पाच मिनिटं आधी डोळ्यात भूल देणारे थेंब, आणि नंतरही ठरलेल्या अंतराने वेदनाशामक. ब्युप्रेनॉर्फिन हे नियंत्रित औषध आहे, त्याच्या कागदपत्रांना वेळ लागतो. ती आधी पुरी करा. औषध आलं नाही म्हणून त्याच्याविना उरकलेली चाचणी मी स्वीकारत नाही. भूल न दिलेल्या सशाचा डोळ्यावर पंजा घासायचा आवाज ज्यानं ऐकला आहे, त्याला याचं कारण सांगावं लागत नाही.

गुण देताना

सशाच्या डोळ्याच्या इजेला गुण द्यायची ही पद्धत जॉन ड्रेझ आणि सहकाऱ्यांनी १९४४ साली मांडली. कॉर्नियाचा गढूळपणा ० ते ४, आयरिस (डोळ्यातला रंगीत पडदा) ० ते २, लाली ० ते ३, सूज ० ते ४. नोंदी १, २४, ४८ आणि ७२ तासांनी. साधी चूक वाटेल, पण गुरुवारी केमिकल घातलं तर ७२ तास रविवारी भरतात, आणि रविवारची नोंद सोमवारी 'आठवणीनं' लिहिली जाते. सोमवारी किंवा मंगळवारी सुरुवात करा.

जखम भरली नसताना ७२ तासांवर चाचणी संपवणं ही त्याहून जड चूक. इजा २१ दिवसांत पूर्ण भरून येते की नाही, यावर वर्ग २ आणि वर्ग १ यांतला फरक ठरतो. कॉर्निया फाटला, डोळ्याच्या आत रक्त उतरलं, किंवा गढूळपणाचा गुण ४ झाला, तर मात्र २१ दिवस मोजत बसायचं नाही. त्या जनावराला तिथेच वेदनारहित मरण द्यायचं.

तुलनेचा डोळाही लाल दिसतोय? मग खोली बघा. सशाच्या मुतातला अमोनिया साचला, हवा खेळती नसली, भुशाची धूळ उडत असली, की दोन्ही डोळे लाल होतात. खोली २० अंशांच्या तीन अंश वर-खाली ठेवायची असते. सांगलीच्या मे महिन्यात एसी दुपारभर बंद पडला, तर ते लगेच कळतं. अशा सशांवर चाचणी सुरूच करू नका.

रिपोर्ट फायलीत, ड्रम कोरा

हे सगळं नीट झालं तरी शेवटी एक चूक उरते. वर्ग १ निघाला, तो सुरक्षा पत्रकात इंग्रजीत छापला गेला, आणि ड्रमवर काहीच नाही. ड्रम उघडणारा हमाल ते पत्रक कधी पाहत नाही. आपल्या कारखानदारांना मी तेवढीच एक अट घातली होती. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा निळ्या ड्रमवर हात आणि धातू जळताना दाखवणारं धोक्याचं चिन्ह होतं, नळाजवळ डोळे धुवायची बाटली टांगलेली होती, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: धोका. डोळ्यात उडालं तर चोळू नका. पापण्या उघड्या धरून १५ मिनिटं पाण्यानं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा.