डिस्ट्रिब्युटरच्या करारावर सही करण्याआधी

अमेरिकेतल्या लहान ब्रुअरींचे, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्यांचे, डिस्ट्रिब्युटरशी होणारे करार तपासणं हे माझं रोजचं काम. नवा ब्रुअर येतो आणि ‘30 दिवसांच्या नोटिशीने कोणीही करार संपवू शकेल’ या कलमावर बोट ठेवून निर्धास्त होतो. मी आधी विचारते, माल कोणत्या राज्यात विकणार? कारण बऱ्याच राज्यांत त्या कलमाला काडीची किंमत नाही.

1933 साली एकविसाव्या घटनादुरुस्तीने दारूबंदी उठली आणि नियमन राज्यांच्या हाती गेलं. बहुतेक ठिकाणी उत्पादक, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार अशी साखळी झाली. पुढे बड्या ब्रुअरींनी डिस्ट्रिब्युटरला वाऱ्यावर सोडू नये म्हणून फ्रँचायझी कायदे आले. करार तोडायला सबळ कारण हवं, आणि हे संरक्षण सही करूनही सोडता येत नाही. तेव्हा ते रास्तच होतं. आज पुष्कळदा डिस्ट्रिब्युटर बलाढ्य आणि ब्रुअर चिमुकला असतो, हे मला खुपतं.

म्हणून आधी लहान ब्रुअरसाठीची सूट शोधा. न्यूयॉर्कमध्ये वर्षाला 3 लाख बॅरलपेक्षा कमी उत्पादन आणि त्या डिस्ट्रिब्युटरच्या विक्रीत फार तर 3 टक्के वाटा असेल, तर वाजवी बाजारमूल्य देऊन विनाकारणही बाहेर पडता येतं. मॅसॅच्युसेट्सनेही 2021 मध्ये अशी वाट काढली. पण तिथे एक गोष्ट जपा: कागदावर काहीही नसलं तरी सलग सहा महिने नियमित माल दिलात की कायदा लागू होतो. ‘बघू तर खरं कसं जमतं’ म्हणून माल पाठवायला सुरुवात करू नका.

स्वतः माल पोचवायची मुभा आहे का, हेही पाहा. नॉर्थ कॅरोलायनात 2019 पासून, एकूण विक्री 1 लाख बॅरलच्या आत असलेल्या ब्रुअरीला 50 हजार बॅरलपर्यंत ती आहे. सुरुवातीला तेवढी पुरून उरते.

आता करार. ‘सर्व ब्रँड, आताचे व पुढचे’ असं असेल तर खोडा. प्रत्येक बिअरचं नाव लिहा. हद्दही ‘संपूर्ण राज्य’ नको. डिस्ट्रिब्युटरच्या गाड्या खरोखर जातात त्या काउंट्यांची (म्हणजे जिल्ह्यांची) नावं घाला. बाहेर पडतानाची भरपाई कशी मोजायची, गेल्या 12 महिन्यांच्या ढोबळ नफ्याच्या किती पट, हेही कायद्यात बसत असेल तिथे आत्ताच ठरवून घ्या. संबंध गोड आहेत तोवरच हा आकडा नीट ठरतो.