कपाटामागची गुलाबी भिंत

ह्यूस्टनजवळ आम्ही जुनं मॅन्युफॅक्चर्ड होम घेतलं, म्हणजे कारखान्यात बांधून ट्रकवरून आणलेलं घर. रंगकामासाठी बेडरूममधलं कपाट सरकवलं तर मागे गुलाबी डाग. अंगठा दाबून पाहिला. आतलं जिप्सम, म्हणजे भिंतीचा प्लास्टरचा बोर्ड, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं दबलं. छप्पर गळत असणार, असं धरून तीन शनिवार छतावर घालवले. फुकट!

खरी गोची भिंतीतच होती. अशा जुन्या घरांत बऱ्याचदा जिप्समवर कारखान्यातूनच व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा पातळ थर, चिकटवलेलं येतं. उन्हाळ्यात बाहेरची दमट हवा भिंतीत शिरते आणि एसीने गार पडलेल्या व्हिनाइलमागे तिचं पाणी होतं. गार ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो ना, तसंच. वर व्हिनाइल ते पाणी आत वाळू देत नाही. त्यात घराखालचे एसीचे डक्ट, म्हणजे गार हवा नेणाऱ्या नळ्या, फुटके. गार हवा खाली वाया जायची आणि घर तेवढीच दमट हवा फटींतून ओढून घ्यायचं.

म्हणून आधी डक्टचे सांधे मॅस्टिकने, म्हणजे सांधे बुजवायच्या घट्ट लेपाने, लिंपले (टेप लावू नका, सुटते). घराखाली मातीवर 6 मिल (सुमारे 0.15 मिलिमीटर) जाडीचं प्लास्टिक अंथरलं. मगच भिंत उघडली, भिजलेलं इन्सुलेशन फेकलं आणि लाकडाचा ओलावा मीटरवर 15 टक्क्यांखाली येईपर्यंत पंखे लावले. बायको म्हणाली, "अरे, घर आहे की पिठाची गिरणी?" शेवटी नवं इन्सुलेशन, साधं जिप्सम, त्यावर साधा लेटेक्स रंग. एसी 68 फॅरनहाइटवरून 76 वर आणला, त्यावरून मात्र अजून रोज भांडण होतं.