सड्यावर चराईचा परिणाम कसा बघायचा

सप्टेंबरमध्ये साताऱ्याजवळच्या कासच्या आसपासच्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळी पठारावर जा, सुतळीने एक मीटरचे दोन चौकोन आखा, एक गुरं चरतात तिथे आणि एक चरत नाहीत तिथे, पण दोन्हीकडे मातीची खोली नि ओल सारखीच पाहिजे नाहीतर कंपॅरिझनच फुकट. सड्यावर खरा खेळ मातीचाच आहे, पातळ माती नि साचलेलं पाणी असेल तिथे सीतेची आसवं ही बुटकी फुलं येतात, माती खोल झाली की गवत उंच वाढतं आणि बुटक्या फुलांचं ऊन अडवतं. गुरं तेच गवत खाली ठेवतात, म्हणून फुलांसाठी चराई सरसकट बंद करा असं काहीजण म्हणतात ते मला पटत नाही. गवताची उंची, शेण, खुरांचा चिखल, फुलांच्या जाती सगळं लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागी परत बघा, पाऊस दरवर्षी वेगळा असतो. आणि प्लीज, चालताना उघड्या कातळावरच पाय ठेवा.